रागाचा सराव

"आज राग," शेन शीफू म्हणाले आणि चहाचा ग्लास लाकडी पेटीवर ठेवून माझ्याकडं बघत बसले. तोंडी परीक्षेला मास्तर बसतात ना, तसे.

मी उभी राहिले. ओढणी खोचली. आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून चिनीत ओरडले, "मला खूप राग आलाय!"

शेडातली कबुतरं उडाली. हसू नका, खरंच उडाली. शीफूंचा ज्युनिअर, झोऊ, तो तर खोकत खोकत बाहेरच पळाला. शीफूंनी शांतपणे एक घोट घेतला.

"श्याओ ली, कुठल्या फलाटावर?"

"काय कुठल्या फलाटावर?"

"गाडी. तू आत्ता अनाउन्समेंट केलीस ना."

थांबा, थांबा, नीट सांगते. तुम्ही मघापासून मागं लागलाय ना, 'चायनीजमध्ये कुणाला तरी झाप की, ऐकू दे आम्हाला', म्हणून सांगतीय. झापता येतं मला. लई भारी येतं. ऑफिसात चिनी लोकच म्हणतात, की बाहेरच्या माणसाला असं रागावता येत नाही, तू कुठं शिकलीस? तर हे तिथलं. मध्ये बोलू नका फक्त, मला एका दमात सांगू दे.

मी तेव्हा पुण्यातनं चायनीजचा डिप्लोमा करून नुकती घरी, इचलकरंजीला, आलेले. आणि योग बघा, आमच्याकडचे कारखानदार मुरली शेठ, त्यांनी त्याच वर्षी चीनवरनं एअरजेट माग मागवले. म्हणजे धागा इकडनं तिकडं नेणारा धोटा नाही, खटखट नाही, हवेच्या फवाऱ्यानं धागा या टोकाचा त्या टोकाला जातो, डोळ्याला दिसत पण नाही. माग बसवायला तिकडनं दोन माणसं आली. एक हा झोऊ, आणि एक शेन शीफू. शीफू म्हणजे वस्ताद. तालमीत असतो तसा, फक्त मशीनचा. पन्नाशी ओलांडलेला, बुटका, डोक्यावर केस कमी, आणि हाताची बोटं अशी की नट बघून सांगायचा ढिला आहे का घट्ट. त्यांना इंग्लिशचं अक्षर येत नव्हतं. शेठना चिनी येत नव्हतं. मध्ये मी.

आमचे आप्पा त्याच शेडात जॉबर. जॉबर म्हणजे माग बंद पडला की दुरुस्त करणारा, सगळे माग ज्याच्या जिवावर चालतात तो माणूस. मल्लू जॉबर म्हटलं की अर्धं गाव ओळखायचं. शेडच्या दारात उभं राहून, डोळे मिटून सांगायचे, "तिकडच्या कोपऱ्यातल्याचा धोटा झिजलाय." जाऊन बघावं तर झिजलेला. आता ते सगळे जुने माग भंगारात निघालेले. शेठनी सगळ्यांना गोळा करून सांगितलेलं, "शीफू ज्यांना निवडतील ते नव्या मागावर. बाकीच्यांचं बघू." हे 'बघू' म्हणजे काय, ते इचलकरंजीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्याच दिवशी आप्पांनी मला घरातनं निघताना अडवलं.

"लीले, त्या चिन्याला सांगायचं न्हाई, मी तुझा बाप हाय म्हणून."

"का पण?"

"उद्या म्हणतील पोरीनं बापाला नव्या मागावर घुसवला. शेडात मी जॉबर, तू दुभाषी. मला आप्पा म्हणून हाक मारायची न्हाई."

"मग काय म्हणू? मल्लू?"

"म्हण की! तुझी आई बी म्हणत न्हाई, तू म्हण!" असं म्हणून स्वतःच हसले.

आणि शीफूंना कळायचा काही प्रश्नच नव्हता. त्यांनी शिवलीलाचं केलं ली, त्यांच्यात ते आडनाव असतं, आणि मी लहान म्हणून श्याओ ली. मल्लाप्पाचं केलं मा. वय झालेला म्हणून लाओ मा. ली आणि मा. त्यांच्या हिशोबानं दोन वेगळ्या घरातली माणसं. आम्हा बापलेकीला फार मजा वाटायची त्याची. घरी आले की आप्पा म्हणायचे, "श्याओ ली, पाणी आण."

तर चहाच्या सुट्टीतला हा सराव. तो शीफूंनीच सुरू केला. म्हणाले, तुझे शब्द बरोबर आहेत, पण तू बोलतेस तेव्हा आत माणूस आहे असं वाटत नाही. आता पुण्याच्या क्लासमध्ये आम्हाला काय शिकवलेलं? देवस्थळी मॅडम चेहऱ्यांचे कार्ड दाखवायच्या. हसरा चेहरा, रडका चेहरा, रागीट चेहरा. आपण म्हणायचं, मला आनंद झाला, मला दुःख झालं, मला राग आला. झालं, पैकीच्या पैकी. शीफूंना मी ते कार्डांचं सांगितलं तर ते म्हणाले, "असं कोण म्हणतं?"

"मग आनंद झाला की काय म्हणायचं?"

"बरं आहे, म्हणायचं."

"आणि लई आनंद झाला तर?"

त्यांनी विचार केला. "अगदीच वाईट नाही, म्हणायचं."

मी हसून हसून खाली बसले. कारण हे आमच्या आप्पांचंच की! मी डिप्लोमाला पहिली आले तेव्हा आप्पा काय म्हणाले असतील? "चाललंय." एवढंच. आणि मग गल्लीत प्रत्येक घरी स्वतः पेढे देत फिरले.

शीफूंची पोरगी माझ्याच वयाची, कुठंतरी लांबच्या शहरात नोकरीला. रोज जेवणाच्या सुट्टीत तिला फोन. जेवलीस का, तिकडं थंडी आहे का, जाड मोजे घाल. ठेवला फोन. मी एकदा विचारलं, "शीफू, तुझी आठवण येते, असं तुम्ही तिला कधीच म्हणत नाही?" ते माझ्याकडं बघतच राहिले. "आत्ता म्हटलं की. तू ऐकत नव्हतीस?"

असं एक एक शिकवायचे. काळजी कशी करायची, लाज कशी वाटून घ्यायची, नको असताना नको न म्हणता नको कसं म्हणायचं. सगळं जमलं मला. रागच जमेना.

"तू आवाज चढवतेस," ते म्हणायचे.

"राग आल्यावर आवाज चढणारच की!"

"तुमच्यात चढतो. आमच्या भाषेत आवाजाचं खालीवर जाणं शब्दानं आधीच घेऊन ठेवलंय. ते त्याचं आहे. ते तुला रागासाठी मिळणार नाही."

"मग राग ठेवायचा कुठं?"

त्यांनी पेटीतनं मूठभर बोल्ट घेतले. आणि ताटलीत एक एक ठेवायला लागले. टक्. टक्. टक्. मधे थांबून, हळू, आवाज न वाढवता जितकं जोरात ठेवता येईल तितकं. "असा. एक शब्द ठेवायचा. हात काढायचा. मग दुसरा. आवाज खाली. माणसाकडं बघायचं नाही, त्याच्यासमोर जी वस्तू असेल तिच्याकडं बघायचं. ज्याला कळायचं त्याला कळतं."

मी रोज करून बघायचे. रोज कबुतरं उडायची.

आणि आप्पांचं आणि शीफूंचं काय जमलेलं सांगू! एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, पण दोघं एकाच मागाखाली झोपलेले, नुसते पाय बाहेर. आप्पा पाना पुढं करायचे, शीफू न बघता घ्यायचे, आणि तो बरोबर लागणाराच असायचा. जेवताना आप्पांच्या डब्यातली अर्धी भाकरी शीफूंची. शेंगदाण्याची चटणी खाऊन त्यांच्या डोळ्यातनं पाणी यायचं तरी बोट पुढंच. ती भाकरी पहाटे माझ्या आईनं थापलेली असायची, आणि मी शेजारी बसून तोंड दाबून हसायची.

घरी गेलं की आप्पा आडून आडून विचारायचे, "आज माझ्याबद्दल काय म्हणला?"

"बरं आहे म्हणाला."

"बरं म्हणजे?"

"आप्पा, त्यांच्यात बरं म्हणजे लई भारी."

"असं व्हय," म्हणायचे, आणि ताटातलं उगाच चिवडत बसायचे, हसू दिसू नये म्हणून.

खरंच म्हणालेले शीफू तसं. मी वाढवून सांगत नव्हते. फक्त एक त्यांना खटकायचं. आप्पा कानातले बोळे काढायचे. एअरजेटच्या आवाजात बोळे घालावेच लागतात, आणि मशीनला काय झालंय ते पडद्यावर लिहून येतं. आप्पा बोळे काढून मागाला कान लावायचे. शीफू येऊन खुणेनं बोळे घालायला लावायचे. परत आप्पा काढायचे. "माग ऐकायचा असतोय," मला म्हणायचे. "ह्यो मेला कायच बोलत न्हाई." पण शिकत होते हां. पडद्यावरच्या खुणा त्यांनी पाठ केलेल्या. घरी मी जेवणाच्या ताटात बोटानं चित्र काढायची आणि आप्पा सांगायचे, "ह्ये आलं म्हंजे हवा कमी. ह्ये आलं म्हंजे धागा तुटला." एकही चुकायचे नाहीत.

मग आली खंडेनवमी.

आता आपल्याकडं खंडेनवमीला कारखान्यात काय असतं ते सांगायला नको. मशीन धुवायचं, हार घालायचा, हळदकुंकू, नारळ. त्या दिवशी माग फिरवायचा नाही. शेठ मला म्हणाले, सुट्टीच आहे, ह्या दोघांना कोल्हापूर फिरवून आण. म्हणून मी शीफू आणि झोऊला घेऊन न्यू पॅलेसला. शीफूंनी तिथं पोरीसाठी कोल्हापुरी चप्पल घेतली, आणि माप काय सांगायचं म्हणून माझा पाय पुढं करायला लावला. "तेवढीच आहे ती," म्हणाले.

इकडं शेडात पूजा. शेठच्या आई, आक्कासाहेब, स्वतः ताट घेऊन आलेल्या. शेठनी फोटो काढले. दरवर्षी मागांना कुंकू आप्पाच लावायचे, सगळ्यात जुना जॉबर म्हणून तो मान. आक्कासाहेब म्हणाल्या, "मल्लू, लाव की. नवी सून घरात आलीय, कपाळ मोकळं ठेवतोस का?" आप्पांनी लावलं. हात आखडून लावलं नाही, पाची बोटं भरून लावलं, वर हळद उधळली. आणि नव्या मागाला कपाळ कुठलं? समोर, मधोमध, चकचकीत, सगळ्यांना दिसेल असा भाग कुठला? जिथनं हवा सुटते ना, तो नळीचा भाग. तिथं.

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहिलं कापड काढायचं होतं. मोठ्या गिऱ्हाइकाला नमुना जायचा होता, बाहेरच्या देशात. पांढरं शुभ्र शर्टिंग. शीफूंनी आदल्या आठवड्यात दिवसरात्र लावून तो माग जुळवलेला. हार काढला, बाहेरनं पुसलं, बटण दाबलं. आम्ही सगळे गोल करून उभे. शेठ, शेठचा मुनीम, आप्पा, बाकीचे जॉबर. कापड यायला लागलं आणि टाळ्या पडल्या.

मग कुणीतरी म्हणालं, "ते काय?"

पांढऱ्या कापडावर बारीक बारीक गुलाबी ठिपके. आधी थोडे. मग सगळीकडं. हवेनं कुंकू आत खेचलेलं आणि एकेका धाग्याबरोबर पार त्या टोकापर्यंत फेकलेलं. वीत वीत कापड येतंय आणि गुलालात लोळून आल्यासारखं येतंय.

शीफूंनी माग बंद केला. नळीच्या मागं बोट घातलं. बोट लाल. ते बोट तसंच वर धरून ते सगळ्यांकडं बघायला लागले. त्याचं भाषांतर करायची गरजच नव्हती.

आप्पा पुढं आले. "मी लावलं. आक्कासाहेबांनी..."

"मल्लू," शेठ मधेच म्हणाले. हळूच. "आईचं नाव कशाला आता?"

आप्पा थांबले. त्यांनी शेठकडं बघितलं. मग माझ्याकडं. "मी लावलं, एवढं सांग," म्हणाले.

आता एक सांगायचं राहिलं. देवस्थळी मॅडमनी दुभाष्याचा धडा शिकवताना एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवलेली. दुभाष्यानं 'ते म्हणतात, हे म्हणतात' करायचं नाही. जो बोलतोय त्याच्या तोंडानं 'मी' म्हणायचं. तो चिडला तर तुम्ही चिडायचं, तो रडवेला झाला तर तुम्ही. तुम्ही तिथं नसताच. आणि मी पहिल्या दिवसापासून तसंच करत आलेले, शेठना तर फार कौतुक त्याचं, पाहुण्यांना दाखवायचे, बघा बघा, आमची पोरगी चिनी होऊन बोलते.

म्हणून मी शीफूंना चिनीत सांगितलं, "मी लावलं."

शीफूंनी आप्पांकडं बघितलं नाही. कापडाकडं बघितलं. आणि बोलायला लागले. हळू. आवाज खाली.

टक्. टक्. टक्.

शेडात एवढी माणसं होती, कुणालाच कळलं नाही. शेठ तर जरा सैलच झाले, मला म्हणाले, "शांत आहे की गं माणूस." मला एकटीला कळत होतं. इतके दिवस मला जे जमत नव्हतं ते माझ्या समोर चाललेलं, आणि त्यांचा एक एक शब्द ताटलीत पडत होता, आणि तो उचलून मला आप्पांच्या समोर ठेवायचा होता.

मी सुरुवात केली. "ह्या माणसाचा हात चांगला आहे." इथपर्यंत ठीक होतं. आप्पांनी मान पण हलवली. "पण हा मशीनला मशीन समजत नाही. सांगितलेलं ऐकत नाही. बोळे काढतो. ज्याला हात लावायचा नाही त्याला हात लावतो."

मग शीफू पुढचं बोलले आणि मी थांबले.

"काय म्हणला?" शेठ.

मी मान खाली घातली.

"अगं काय म्हणला?"

"बोल," आप्पा म्हणाले. मी वर बघितलं. ते सरळ उभे होते, टोपी हातात. "बोल की. काम हाय तुझं. काय बी गाळायचं न्हाई."

मी बोलले. खरं तर मराठीत ओरडूनही बोलता आलं असतं. आप्पांनी आयुष्यभर शेठ लोकांचं ओरडणं खाल्लेलं, त्यांना त्याचं काही वाटायचं नाही, या कानानं ऐकायचे आणि चहा प्यायला जायचे. पण माझ्या तोंडात तेव्हा शीफूंचा आवाज बसलेला. तोच निघाला. खाली, हळू, एकेक शब्द वेगळा.

"मला. हा माणूस. नको. माझ्या मशीनजवळ. मला. हा. नको."

आप्पांचे डोळे माझ्या तोंडावर होते. शीफूंच्या नाही. माझ्या.

एका मिनिटापूर्वी 'मी लावलं' म्हणणारी पण मीच होते.

शेठ खाकरले. "बघू, बघू. मल्लू आपला जुना माणूस आहे, त्याचं बघू." आणि मुनिमाला म्हणाले, ते कापड गुंडाळा. आक्कासाहेबांचं नाव परत कुणी काढलं नाही. फोटोत दिसतात त्या. ताट धरून उभ्या आहेत आणि आप्पा वाकून कुंकू लावतायत. शेठच्या केबिनमध्ये लावलाय तो फोटो, मोठा करून.

संध्याकाळी घरी आईनं ताटं केली. आप्पांनी चूळ भरली, पाटावर बसले. आई म्हणाली, "काय झालं? दोघांची तोंडं अशी का?"

"काय न्हाई," आप्पा म्हणाले. "हिनं आज चांगलं काम केलं. एक शब्द चुकली न्हाई."

श्याओ ली म्हणाले नाहीत. लीले पण म्हणाले नाहीत. आणि तो माझ्याबद्दल काय म्हणला, हे विचारायचं कारणच उरलं नव्हतं. मी ताटात बोट फिरवत बसले, आप्पांनी आपलं ताट उचललं आणि मोरीवर नेऊन स्वतः घासलं.

सकाळी शेठनी आप्पांना गेटवर बसवलं. वॉचमनच्या स्टुलावर. "विश्वासाचा माणूस गेटलाच पाहिजे," असं चारचौघात म्हणाले, वर पाठीवर हात ठेवला. आप्पांनी एक खाकी टोपी घातली, कुणाची तरी जुनी, जरा मोठीच व्हायची त्यांना. मी आत जाताना ते उभे राहिले. वॉचमन उभा राहतो ना ऑफिसची माणसं आली की, तसे. "आप्पा, बसा," म्हटलं तर दुसरीकडं बघितलं. शेडात आप्पा म्हणायचं नव्हतं ना.

चहाची सुट्टी झाली. शीफूंनी पेटीवर ग्लास ठेवले. नळी खोलून, धुऊन, रात्रीतनं परत जुळवलेली त्यांनी, डोळे लाल झालेले, पण खुशीत होते, कारण सकाळी कापड पांढरं आलेलं. मला हाताला धरून बसवलं. "श्याओ ली, जेवलीस का? चेहरा का असा?" आणि मग भाकरीच्या डब्याच्या जागेकडं बघून म्हणाले, "लाओ मा आज आला नाही?"

"गेटवर आहे," म्हटलं.

"हां." मग चहा पुढं सरकवला. "चल. सराव. काय करायचं आज? राग?"

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. समोर ग्लास होता, त्याच्या काठाला चहाची साय चिकटलेली. तिच्याकडं बघितलं.

आणि बोलले. मला आठवतं तसं सांगते, मराठीत सांगते, मराठीत ते अर्धं पण नाही होत. म्हटलं, "तुम्ही काल. एका माणसाला. एक प्रश्न. विचारला नाही. त्यानं कुंकू लावलं. ते मशीनला आमच्यात. नव्या सुनेला लावतात. तसं लावलं. त्यानं रोज. अर्धी भाकरी. तुम्हाला दिली. ती भाकरी. माझ्या आईनं केलेली. तो माणूस. माझा बाप आहे. तुम्ही माझ्या तोंडानं. माझ्या बापाला. नको म्हणालात."

आवाज एकदाही चढला नाही. एक शब्द ठेवला, हात काढला, दुसरा ठेवला. कबुतरं जागची हलली नाहीत.

मला वाटलं, त्यांना कळलं. मी मान वर केली. त्यांचे डोळे भरून आलेले. आणि त्यांनी दोन्ही हात वर केले, आणि टाळ्या वाजवल्या.

"झोऊ!" ते ओरडले. "झोऊ, इकडं ये! लवकर! हिला आलं! ऐक, ऐक, आज हिला आलं!"

"शीफू, खरंच," मी म्हटलं. "तो माझा बाप आहे."

"हं! हेच! असंच!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "आणि बाप कुठनं काढलास तू? काय बरोबर जागी ठेवलास! झोऊ, हिच्या डोळ्यांत बघ, पाणी आहे आणि आवाज बघ कसा आहे, बघितलंस? आता आत माणूस आहे. आता हे पुस्तकातलं नाही." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्यांच्या पोरीच्या ठेवावा तसा. "अगदीच वाईट नाही, श्याओ ली. अगदीच वाईट नाही!"

झोऊनं फोन काढला, म्हणाला, परत म्हण, मी रेकॉर्ड करतो. तो पण टाळ्या वाजवत होता. तिकडनं दोन ऑपरेटर बघायला आले, त्यांना काय कळलं नाही, पण साहेब वाजवतायत म्हणून त्यांनी पण वाजवल्या.

मी परत म्हटलं नाही.

शीफू आणि झोऊ पुढच्या आठवड्यात गेले. जाताना शीफूंनी गाडी गेटवर थांबवली, खाली उतरले, आप्पांना एक सिगारेट दिली. आप्पांनी घेतली, कपाळाला हात लावून सलाम केला, आणि गेट उघडलं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी, त्या सरावाच्या दिवशी, आम्ही दोघं बरोबरच घरी निघालो, आप्पा पुढं सायकल हातात धरून, मी मागं. मारुतीचं देऊळ आलं. मग मागं न बघताच आप्पांनी विचारलं,

"आज शेडात टाळ्या कशापायी वाजत होत्या गं? गेटपतोर ऐकू आलं."

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "चांगलं बोलले म्हणून."

"असं व्हय," आप्पा म्हणाले. थोडं पुढं चालले. "मग बरं हाय."